चार टक्के, अकरा मिनिटं

ता. ३ डिसेंबर

दादा,

मागच्या पत्राला तुझं उत्तर चार ओळींचं आलं आणि त्यातल्या दोन ओळी हवेबद्दल होत्या. तिथे फोनला रेंज नाही हे मान्य, पण शाईचीही टंचाई आहे का?

माझं विचारशील तर रोज नवा नमुना. आज एक गृहस्थ दुकानात आले. तिसऱ्या मजल्यावर राहतात, खाली प्लग नाही, सोसायटी लावू देत नाही. खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज केली तर चालेल का, विचारत होते. मी म्हटलं चालेल, फक्त दुसऱ्या मजल्यावरचे त्यावर कपडे वाळत घालतील. मालकांनी आतून डोळे वटारले. ते तसेही माझ्यावर खार खाऊन असतात. एका चार्जमध्ये गाडी किती जाते असं गिऱ्हाइकाने विचारलं की मी दोनशे सांगते. कागदावर तीनशे दहा छापलेलं असतं. मालक म्हणतात, छापलेलं वाचायला तुझ्या जिवावर का येतं?

का येतं ते तुला माहीत आहे. मागच्या वर्षी वहिनी माझ्याकडे चार दिवस राहिली, आणि निघताना माझ्याच दारात उभी राहून तिने विचारलं, घरापर्यंत एका दमात जाईल ना गं? अडीचशे किलोमीटर. मी म्हटलं, जाऊन वर उरेल. थंडी, हीटर, तो लांबच लांब चढ, काही धरलं नाही. गाडी मीच तिला विकली होती, आणि विकताना बोललेलं इतक्या वेळा बोलले होते की मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. दोनशे दहा किलोमीटरवर, तुझ्या स्टेशनपर्यंत पोचता पोचता, तिची गाडी संपत आली. या वीस तारखेला वर्ष होईल.

आता कामाचं. तिने गाडी तुझ्याकडे उभी करून पायी वाट धरली होती, त्यामुळे गाडीवर ओरखडाही नव्हता. जूनमध्ये ती मी एका नर्सबाईंना विकली. 'एक मालक, बाई, जपून वापरलेली.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, तरी किल्ली देताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या नर्सबाई परवा आल्या होत्या. सप्टेंबरच्या अखेरीपासून गाडी रोज संध्याकाळी अंगणात उभ्या उभ्या जागी होते, म्हणाल्या. चार्जिंगचं झाकण आपोआप उघडतं, पडद्यावरचा बॅटरीचा आकडा एकदम घसरतो, थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. आमच्या मेकॅनिकने तपासलं, त्याला काही सापडत नाही. तू मुळातला इलेक्ट्रिशियन. काय असेल?

धाकटी

ता. ८ डिसेंबर

धाकटे,

शाई भरपूर आहे. लिहिण्यासारखं काही घडत नाही, त्याला मी काय करू? इथे दोन मशीन, एक केबिन, एक संडास आणि चारी बाजूंनी वारा. दिवसाला पाच-सहा गाड्या येतात. माणूस उतरल्या उतरल्या विचारतो, किती वेळ लागेल? मी म्हणतो, तासभर. मग तो माझ्याकडे असा बघतो की वीज मीच हात आखडून सोडतोय. दहा मिनिटं चिडण्यात जातात आणि उरलेल्या वेळात तो मला त्याच्या सासुरवाडीची भांडणं सांगतो. पेट्रोल पंपावर हे सुख नाही.

या सगळ्या गाड्या पहिल्या मशीनवरच्या. त्याचा प्लग जुन्या पद्धतीचा, जुन्या गाड्यांनाच बसतो. तुझ्या वहिनीच्या गाडीसारख्या नव्या गाड्यांना दोन नंबर लागतं, आणि ते सप्टेंबरच्या अखेरीला बंद पडलं. आतला एक भाग जळला. मागवलाय, येईल तेव्हा येईल.

गाडीत भूतबित नसतं. पुढची छोटी बॅटरी दहा मिनिटं सोडवून ठेव आणि परत जोड. निम्मी दुखणी तेवढ्यानेच जातात.

आणि जुनं उगाळू नकोस. तेव्हाही बंद पडलेलं दोन नंबर मी त्या दिवशी फोनवरच्या चार्जिंगच्या नकाशावर लाल करून ठेवलं होतं. बंद मशीन लाल दिसतं, चालू हिरवं, हे तिलाही माहीत होतं. तिने बघितलं नसेल. तू आकडा जरा वाढवून सांगितलास, एवढंच. विकणारी माणसं सांगतातच.

इथे एक गंमत चालू आहे. दोन नंबरची गन, म्हणजे वायरच्या टोकाची ती जाडजूड मूठ, मी रोज हुकाला अडकवून ठेवतो. अंधारून आलं की ती जमिनीवर पडलेली असते, वायर गाडीच्या जागेकडे पूर्ण ताणलेली. कुत्रं असेल. खटका दाबून गन काढणारं कुत्रं मी अजून पाहिलेलं नाही, पण असेल.

तू लिहिलंस 'थोड्या वेळाने पूर्ववत'. थोड्या म्हणजे किती? सुरू किती वाजता होतं? आकडा घसरून कितीवर येतो? घड्याळ लावून बघ आणि कळव. कामासाठीच विचारतोय.

दादा

ता. १३ डिसेंबर

दादा,

बॅटरी सोडवून जोडली. काही फरक नाही. मग म्हटलं स्वतःच बघावं, म्हणून काल दुकानातून सुटल्यावर नर्सबाईंकडे गेले.

घर लहान आहे, पुढे पत्र्याची शेड, तिच्यात गाडी. वर्षभराने मी त्या गाडीत बसले, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा धीर झाला नाही, म्हणून शेजारी बसले. बेल्ट लावला. का लावला ते विचारू नकोस, गाडी बंद होती. पडदा काळा होता.

सहा वाजून बारा मिनिटांनी तो उजळला. मागून झाकण उघडल्याचा आवाज आला आणि आकडा एकसष्टवरून चारवर आला. चार टक्के. खाली अक्षरं उमटली, चार्जर जोडलेला आहे, गाडी हलवू नका. मी उतरून बघून आले, दादा. भोकात काहीही नव्हतं. परत येऊन बसले तर टिकटिक सुरू झाली होती. सीटवर माणूस बसलंय आणि बेल्ट लावला नाही की गाडी करते ना, ती. माझा बेल्ट लावलेला होता. पडद्यावर लाल चित्र होतं ते ड्रायव्हरच्या सीटचं.

तीन-चार मिनिटांनी हीटर बंद झाला. तो सुरू झालेलाच मला कळलं नव्हतं, बंद झाल्यावर कळलं, कारण पायांना एकदम गार वाटलं. मग पडद्याचा उजेड कमी झाला. चार्ज वाचवायचा म्हणून आपण एकेक गोष्ट बंद करत जातो, त्याच क्रमाने. मी तिथेच बसून राहिले. सहा तेवीसला टिकटिक थांबली. ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल बाहेर आलं आणि आत गेलं. आकडा परत एकसष्ट.

अकरा मिनिटं. तुला नेमकं हवं होतं, म्हणून लिहिलं.

नर्सबाई शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी रोज माणसं जाताना बघते, मला भीती वाटत नाही. ही गाडी मला रस्त्यात सोडेल का, एवढंच सांगा." त्यांची आई तुझ्या स्टेशनच्या पलीकडे ऐंशी किलोमीटरवर राहते, अंथरुणाला खिळली आहे. तीस तारखेला त्या एकट्या निघणार आहेत आणि वाटेत तुझ्याकडे चार्ज करणार आहेत. त्यांनी मला नकाशा दाखवला. त्यात तुझी दोन्ही मशीन हिरवी आहेत. तू तर म्हणालास दोन नंबर बंद आहे?

मी घरी येऊन दिवा लावून बसले. कोणाला सांगू? तुलाच सांगते.

धाकटी

ता. १८ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

घाबरू नकोस. तुला सांगणार नव्हतो, पण आता सांगतो. दोन नंबर बंद आहे, तरी त्याचा छोटा पडदा आणि नोंदवही चालू असते, ती वेगळ्या लाइनवर आहे. कोणी गन लावली की नोंद होते. सप्टेंबरच्या अखेरीपासून रोज एक नोंद आहे. सहा बारा, गाडी जोडली, चार टक्के. सहा तेवीस, गाडी सोडली. वीज दिली शून्य. त्या जागेवर गाडी नसते. मी समोर बसलेला असतो.

पहिल्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. केबिनची कडी लावून आत बसलो. दुसऱ्या दिवशी काचेतून बघितलं. आठवड्याभराने खुर्ची बाहेर काढली. गन हुकावरून निघते ती मला कधीच दिसत नाही, मी बघत असतो तिथून नजर हलते आणि ती खाली आलेली असते. वायर ताठ होते. मी वायरवर हात ठेवतो. मग ती सैल पडते.

आता साडेपाच वाजले की मी दाढी करतो. हसू नकोस.

नर्सबाईंना सांग, या रस्त्याने येऊ नका. कंपनीचा नकाशा कंपनी बघते, त्यात माझं काही चालत नाही. भाग आला की मशीन सुरू होईल, पण तीस तारखेपर्यंत काही येत नाही. त्यांना बसने जायला सांग.

तू परत त्या गाडीत बसू नकोस. थंडी फार असते.

दादा

ता. २२ डिसेंबर

दादा,

परवा वीस तारीख होती. मी सुट्टी घेतली आणि दिवसभर कपाट आवरलं. संध्याकाळी सहा बाराला पंखा, दिवा, सगळं बंद करून अकरा मिनिटं जमिनीवर बसले. मग खूप रडले. वर्षभर मनात हिशेब चालू आहे, की मी दोनशे म्हटलं असतं तर तिने इथेच आमच्या दुकानात अर्धा तास जास्त गाडी लावली असती, वाटेत दुसरीकडे थांबली असती, हीटर आधीच कमी केला असता. रोज गिऱ्हाइकाला दोनशे सांगते ते त्याच्यासाठी नाही.

काल आमच्या दुकानातलं मशीन तपासायला वायरमन आला होता. तुझ्याकडे येतो तोच, जाड भिंगांचा. चहा पिताना मी सहज विचारलं, दादाचा तो भाग कधी येणार हो? तो गोंधळला. म्हणाला, तो तर पाच ऑक्टोबरलाच मी नेऊन दिला. तुमच्या भावाने सही केली, म्हणाले मी इलेक्ट्रिशियन आहे, माझा मी बसवतो.

त्याने आणखी एक सांगितलं. नोव्हेंबरमध्ये एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन हिरवा ठिपका बघून तुझ्याकडे आलं. पाच तास तुझ्या केबिनमध्ये बसलं होतं. शेवटी यानेच त्यांची गाडी ओढून नेली. तू त्यांना हीटरजवळ बसवलंस, दूध तापवून दिलंस, हेही त्याने सांगितलं. मग त्याने मला विचारलं, तुमचा भाऊ बरा आहे ना?

भाग अडीच महिने तुझ्याकडे पडून आहे, दादा. आणि नकाशा कंपनी बघते हे मला सांगू नकोस. नव्या नोकरीला लागलास तेव्हा ठिपका लाल-हिरवा कसा करायचा ते तूच मला मोठ्या ऐटीत दाखवलं होतंस, आणि घरी बसून फोनवरूनही करता येतं म्हणाला होतास.

नर्सबाई बसने जाणार नाहीत. त्यांच्या आईच्या गावाला बस जात नाही, आणि आईला येताना दवाखान्यात आणायचं आहे.

मला एकच विचारायचं आहे. मागच्या वर्षी वीस डिसेंबरला ते मशीन खरंच लाल होतं का?

धाकटी

ता. २५ डिसेंबर

धाकटे,

नाही.

हिरवं होतं. ते तेव्हाही बंद पडलेलं होतं, आदल्या दिवसापासून, आणि मी ते हिरवं ठेवलं होतं. साहेबांचा तोंडी हुकूम असतो, लाल करायचं नाही. लाल दिवस जास्त झाले की स्टेशन बंद करतात, आणि स्टेशन बंद झालं की मी घरी. सगळीकडे असंच करतात. कोणी आला तर मी तोंडाने सांगतो बंद आहे, पुढे जा. एखादा शिव्या देतो, बाकीचे जातात. कोणाचा जीव गेला नव्हता.

मला वाटत होतं ती रविवारी निघणार. ती शनिवारी निघाली हे मला कळलं नाही, इथे कळणार कसं? दोन नंबर बंद, एक नंबरला गाडी नाही, थंडी मरणाची, म्हणून मी साडेचारलाच केबिनला कुलूप लावून घरी गेलो. अंघोळ केली. चहा ठेवला.

आता लिहितो ते मी कोणालाही सांगितलेलं नाही, पोलिसांनाही नाही. मशीनला गन लागली की कंपनीच्या तारेवरून माझ्या फोनवर घरी सूचना येते. सहा वाजून बारा मिनिटांनी आली. दोन नंबर, गाडी जोडली, चार टक्के, वीज शून्य. त्यात गाडीचा नंबर येत नाही, माणसाचं नाव येत नाही. फक्त टक्के दिसतात आणि मिनिटं. मी बघत होतो. कोणीतरी तिथे थंडीत उभं राहून बटण दाबतंय, गन काढून परत लावतंय, हे मला समजत होतं. एक मिनिट, दोन मिनिटं. जायचं म्हटलं तर घरून चाळीस किलोमीटर. तिथल्या पाटीवर मदतीचा नंबर आहे, तो माझ्याच फोनला येतो, पण रेंज नसल्याने तिथून कोणी लावू शकत नाही, हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, असेल कोणीतरी. करेल काहीतरी. आणि फोन पालथा ठेवला. चहा घेऊन आलो तेव्हा सहा तेवीसची नोंद आलेली होती, गाडी सोडली.

कोणीतरी गेलं म्हणून मला बरं वाटलं, धाकटे. हेच खरं आहे. बरं वाटलं.

ती रेंज शोधत वळणाकडे चालत गेली. धुक्यात ट्रकवाल्याला ती दिसली नाही. केबिन उघडी असती तर ती आत बसली असती.

मी घरूनच ठिपका लाल केला, रात्री, पोलिसांचा फोन आल्यावर. त्या दिवसाची नोंद नंतर पुसली. आणि तू रडत रडत म्हणालीस, दादा, मी तिला तीनशे सांगितलं, माझ्यामुळे झालं. मी म्हणालो, जाऊ दे. मी म्हणायला हवं होतं की तुझ्यामुळे नाही. चार टक्के घेऊन ती बरोबर माझ्या दारापर्यंत आली होती. तुझ्या आकड्याने तिला माझ्यापर्यंत आणून पोचवलं होतं. मी वर्षभर तुला ते ओझं वाहू दिलं, कारण तू वाहत होतीस तोवर माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

जानेवारीत कंपनीने मशीन दुरुस्त केलं. मी घर सोडून केबिनमध्ये राहायला आलो. सप्टेंबरपर्यंत काही झालं नाही. मग तोच भाग परत जळला, आणि त्याच संध्याकाळी सहा बाराला नोंद आली.

म्हणून मी तो भाग बसवला नाही. मशीन बंद असतं तेव्हाच ती येते. आणि लाल केलं तर ती कशी येईल? हिरवं बघूनच तर आली होती.

आता तुला सगळं कळलं.

दादा

ता. २७ डिसेंबर

वायरमन उद्या तुझ्याकडे येतोय, त्याच्या हाती हे देतेय. वरती 'दादा' असं लिहवत नाही.

मी वर्षभर रोज संध्याकाळी स्वतःला शिव्या घातल्या. झोपेत दोनशे, तीनशे करत उठायची. तू मला चार ओळींची पत्रं पाठवत होतास आणि त्यातल्या दोन हवेबद्दल. त्या दोन ओळींचं मला आता इतकं वाईट वाटतं की काय सांगू.

माझं ओझं तू पुसलंस असं समजू नकोस. मी खोटं बोललेच होते. तूही बोललास. आपण दोघांनी मिळून एका बाईला आकडे दाखवले आणि ती बिचारी दोन्हींवर विश्वास ठेवून निघाली.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तू म्हणतोस ती तुझ्याकडे येते. मी त्या गाडीत बसले होते. ती तुझ्याकडे येत नाही. ती रोज त्या थंडीत अडकते. हीटर बंद करते, उजेड कमी करते, आणि अकरा मिनिटांनी हात टेकून उतरते. तू दाढी करून खुर्ची टाकून बसतोस आणि रोज तिला उतरून जाऊ देतोस.

नर्सबाई तीस तारखेला सकाळी निघणार. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, मला आईकडे जायचंय, तुमच्या भावाला सांगा मशीन चालू करा. एवढंच म्हणाल्या.

भाग बसव. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

ता. ३१ डिसेंबर

धाकटे,

वायरमन अठ्ठावीसला आला. तुझं पत्र मी त्याच्यासमोर उभ्यानेच वाचलं आणि केबिनच्या पाठीमागे जाऊन बराच वेळ थांबलो. परत आलो तर त्याने मशीनचं दार उघडून ठेवलेलं होतं. भाग माझ्या खाटेखाली होता, खोक्यातून काढलेलासुद्धा नव्हता.

काम त्या दिवशी पुरं झालं नाही. एक तार भाजून गेली होती, ती बदलावी लागली. एकोणतीसला दुपारी चारला मशीन सुरू झालं. वायरमन म्हणाला, एखादी गाडी लावून बघू, पण गाडी आली नाही, आणि त्याला पुढे जायचं होतं. मी एकटा राहिलो. दाढी केली नाही.

मला वाटलं होतं, मशीन चालू आहे म्हणजे आता काही होणार नाही, जानेवारीत झालं तसं. खुर्चीही काढली नव्हती. सहा बाराला आतून खटका ऐकू आला, बाहेर आलो. गन हुकावर नव्हती. वायर ताठ होती. पडद्यावर चार टक्के.

मग पाच.

मी जवळ जाऊन वायरवर हात ठेवला. वीज वाहायला लागली की ही वायर जराशी गरम होते आणि आतून बारीक थरथरते, रोज हाताळणाऱ्यालाच कळतं ते. ती गरम झाली होती. सहा, सात, नऊ. समोर रिकामी जागा होती, पिवळे पट्टे होते, दुसरं काही नव्हतं. मशीनमधला पंखा जोरात फिरत होता. मीटरवर युनिट पडत होती. अकरा मिनिटं झाली, सहा तेवीस झाले, आणि वायर सैल पडली नाही.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुला लिहिलं ते तिला सांगितलं, फोन पालथा ठेवल्याचं. ते सांगायला मला वर्ष लागलं आणि सांगून व्हायला एक मिनिटही लागलं नाही. उत्तराची वाट बघितली. पंखा फिरत होता.

मध्येच एकदा माझा हात मशीनच्या लाल बटणाकडे गेला. तुला खोटं सांगणार नाही. ते दाबलं की वीज थांबते. मशीन बंद राहिलं तर ती उद्या परत येईल, परवा येईल, रोज येईल. हात तिथे किती वेळ होता मला माहीत नाही, बावन्नपासून साठपर्यंत असेल. मग तुझं ते वाक्य डोक्यात आलं, ती रोज अडकते. मी हात खिशात घातला आणि बाहेर काढला नाही.

ऐंशी टक्क्यांना मशीन थांबलं. अठ्ठावीस युनिट. मी म्हणालो, "आता जाशील घरापर्यंत. सावकाश जा." वायर हलकी झाली. मी या वेळी नजर हलवली नाही, तरी गन हुकावर कधी गेली ते दिसलं नाही.

काल दुपारी अडीचला नर्सबाई आल्या. मी ती गाडी वर्षभराने पाहिली. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात तिने लावलेलं पार्किंगचं जुनं स्टिकर अजून तसंच आहे. बाईंनी उतरून आधी माझ्याकडे नीट बघितलं, पेशंटकडे बघतात तसं, आणि मग गन मागितली. गाडी बावीस टक्क्यांवर आली होती. वाटेत एकदा चार्ज केली होती, पण हीटर लावलेला, त्यात चढ. लावल्याबरोबर वीज सुरू झाली. केबिनमध्ये बसल्या, चहा घेतला. मग म्हणाल्या, तुम्हाला एक विचारायचंय. काल संध्याकाळी गाडी चाळीसच्या आसपास होती, प्लग लावायचा राहून गेला, पहाटे उठून लावू म्हटलं. पहाटे बघितलं तर ऐंशी. मी तर लावलीच नव्हती. हे कसं?

मी त्यांना अठ्ठावीस युनिटची नोंद दाखवली. त्यांनी ती वाचली. चहाचा कप विसळून ठेवला आणि आईकडे गेल्या. आज सकाळी आईला मागच्या सीटवर निजवून परत आल्या, चार्ज केलं आणि तुमच्याकडच्या दवाखान्यात निघाल्या. सुखरूप पोचल्या असतील, तुला माझ्या आधी कळेल.

काल सहा बाराला मी बाहेर होतो. आजही होतो. गन हुकावर आहे. आता ती येणार नाही, आणि मला ते सहन होत नाही, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्षभरात मी तिच्यासाठी पहिल्यांदा काही केलं आणि त्याने ती गेली.

पोलिसांना आणि कंपनीला दोन पत्रं लिहिली आहेत, त्या दिवशीच्या नोंदीचं, पुसल्याचं, सगळं. वायरमनने साक्ष म्हणून सही केली. नोकरी जाईल. बाकी काय होईल ते होईल. उद्या केबिनच्या किल्ल्या देऊन मी निघतो. घरी जाणार नाही, तिथे अजून त्या संध्याकाळचा चहाचा कप आहे.

रविवारी दुपारी तुझ्याकडे पोचेन. बाहेर पायरीवर बसून राहीन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी आवाज देणार नाही.

दादा